मुक्का तीन आणि दादाचा उजवा हात

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो लोखंडाच्या आवाजानं. बाबा पांढुर्ण्यात नगरपालिकेच्या नळाचं पाणी सोडायचे. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायची त्यांची छातीएवढी उंच चावी रात्रभर दाराच्या कोपऱ्यात उभी असे. पहाटे ते ती उचलत तेव्हा ती हमखास चौकटीला आपटे, आणि आई आतून म्हणे की एक दिवस तुम्ही ही चौकट घेऊनच जाल. मग स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज, मग भाकरी थापण्याचा. आईची भाकरी थापायची एक लय होती, तीन हलक्या थापा आणि एक भारी, आणि त्या भारी थापेला मी कूस बदलायची. हे सगळं रोजचं. रोजच्या गोष्टी आठवत नाहीत असं लोक म्हणतात, मला मात्र रोजच्याच तेवढ्या आठवतात. दहाच्या सुमाराला समोरच्या गल्लीतून वेगळाच सूर यायचा. पाचसहा स्वर चढत जात, मग एक दणका बसे, आणि जाड आवाजाचा एक माणूस परक्या भाषेत काहीतरी ओरडे. वामनकाकांनी दुकान उघडलं हे त्यावरून कळायचं. आई त्या ओरडण्यावर वरणाचं आधण ठेवायची, आणि त्याच तोंडानं म्हणायची की या डब्यानं गावातली पोरं वाया चालली.

वामनकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान होतं, पण लोकांनी स्वतःच्या सायकली घेतल्या आणि काकांच्या सायकली भिंतीला टेकून राहिल्या. तेव्हा त्यांनी नागपुरातून जुनी मशीन उचलून आणली. उभी लाकडी पेटी, आत टीव्ही, पुढं एक दांडी आणि बटनं. नाणं टाकलं की दोन माणसं मारामारी करायची. पेटीवर खेळाचं नाव होतं, पण ते ज्या लिपीत होतं ती आमच्या तालुक्यात कोणाला येत नव्हती. काकांनी पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंगानं ‘मुक्का’ असं लिहून पेटीवर ठोकलं, आणि विषय संपला. पुढचा भाग आला तो मुक्का दोन. त्या खेळाचं खरं नाव मला आता माहीत आहे, दादाचा मुलगा दर खेपेला ते सांगून माझं तोंड सुधारायला बघतो, पण पन्नाशीला आलेलं तोंड आता काय सुधारणार.

पहिला मुक्का सोपा होता. दांडी पुढं-मागं, वर-खाली, आणि दोनच बटनं, एक ठोसा आणि एक लाथ. निम्मी पोरं तर खाली बसून लाथाच मारत राहायची आणि जिंकायची. असं जिंकणाऱ्याला दादा हिशेबातच धरत नसे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ सुधाकर, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो उभं राहून लढायचा, समोरच्याची चाल ओळखायचा आणि एक ठोसा मारून बाजूला व्हायचा. मुक्का दोन आला तेव्हा बटनं दोनाची सहा झाली, हलका, मधला आणि भारी, ठोशाची तीन आणि लाथेची तीन. दांडी मागं ओढून धरली की मार अडायचा. दांडी खालून पुढं गोल फिरवून ठोसा दाबला की हातातून आगीचा गोळा निघायचा, आणि एक मार लागता लागता दुसरा दाबला तर मारांची साखळी बनायची. खाली बसून लाथा मारणाऱ्यांचं राज्य महिन्याभरात बुडालं. दादाचं राज्य आलं. त्याचे हात बघायला पोरं त्याच्या मागं उभी राहत, आणि मी शाळेतून येताना दप्तरासकट सर्वांत पुढं घुसत असे. पोरीनं तिथं काय करायचं, असं एकानं मला विचारलं होतं. त्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खेळात आठ लढवय्ये होते आणि प्रत्येकाची काही गोष्ट असणार, कारण जिंकल्यावर पडद्यावर चित्रं यायची आणि चित्रांखाली त्या लिपीतल्या ओळी धावायच्या. त्या ओळी वामनकाका वाचून दाखवत. म्हणजे वाचत नव्हते, रचत होते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळलं. केसांचा अंबाडा घातलेली एक बाई होती, तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. काळ्या कपड्यातला एक माणूस होता, तो काळ्या. काकांच्या सांगण्याप्रमाणे काळ्या हा मास्तरणीचा हरवलेला भाऊ, आणि त्याला शोधायलाच ती घरून निघाली होती. दुसऱ्या भागात तो सापडतो, पण दुश्मनाच्या बाजूला. काकांचा स्वतःचा थोरला भाऊ नदीपलीकडे सावरगावला राहायला गेला होता आणि दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे ही गोष्ट ते फार जीव लावून सांगत. त्यातून दुकानाचा एक नियम झाला. मास्तरणीनं काळ्याला हवं तेवढं झोडावं, पण शेवटचा ठोसा मारायचा नाही. त्याच्या जिवाची पट्टी केसाएवढी उरली की मागं सरकायचं, मार अडवत राहायचं, आणि वर चाललेला टाइम संपू द्यायचा. ज्याचा जीव जास्त तो जिंकला. हा नियम मोडणाऱ्याची मशीन काका सरळ बंद करत. आम्ही तो इतका पाळला की आमची बोटं आपोआप थांबायची. मागच्या दिवाळीत दादाच्या मुलानं मोबाइलवर ती सगळी गोष्ट वाचून दाखवली. आता नववा भाग चालू आहे म्हणे. काळ्या तिचा भाऊबिऊ कोणी नव्हताच, तिच्या बापाला मारून पळालेला चेला होता. आम्ही इतकी वर्षं बापाच्या खुन्याला जीवदान देत बसलो होतो.

आता हाताबद्दल. दादाला विजेच्या वस्तूंचं वेड होतं. घरातला रेडिओ त्यानं इतक्या वेळा खोलला होता की बाबांनी त्याचे स्क्रू लावायचंच सोडून दिलं होतं. वामनकाकांच्या मशीनचं बटन अडकलं की मागची फळी काढून दादाच ते सोडवायचा. त्याला आयटीआय करायचं होतं, इलेक्ट्रॉनिक्सचं, आणि बाबांनी पुढच्या प्रवेशासाठी कागदं जमवून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात गोटमार असते. नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात. कशासाठी, ते ज्याचं त्याला ठाऊक. आईनं नाही म्हटलं होतं. दादा फक्त बघायला म्हणून गेला, आणि डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्यानं कपाळावर उजवा हात धरला, तेवढ्यात त्या हातावर दगड आला. डोकं वाचलं. हात नागपुरात प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघालं तेव्हा अंगठ्याजवळची दोन बोटं अर्धवट वाकून तशीच राहिलेली होती, ना मिटत ना उघडत. डॉक्टरांनी स्पंजचा एक चेंडू दिला आणि सांगितलं की ही बोटं वापरायची, दुखलं तरी वापरायची, वर्षाच्या आत चालली तर चालली, नाहीतर अशीच राहतील. बाबांनी हे दोनदा विचारून घेतलं. आयटीआयला सोल्डरिंगची चिमटी कोणत्या हातात धरायची, असंही त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसले, पण बाबा हसले नाहीत.

तो चेंडू दादानं एकदाही दाबला नाही. हात पॅन्टच्या खिशात गेला आणि तिथंच राहू लागला. जेवताना डावा, लिहिताना डावा, कोणी आलं की उठून आत. दुकानातल्या पोरांनी बोलावलं तर तब्येत बरी नाही म्हणायचा. मला ते बघवत नव्हतं. मी लहानपणापासून हट्टी, एक गोष्ट मनात धरली की ती होईपर्यंत घरात कोणाला सुख लागू देत नसे, आणि मी मनात धरलं की दादाला काही कमी पडू द्यायचं नाही. त्याच्या शर्टाची बटनं मी लावायची. त्याच्या वह्या मी उतरवायची. संत्री आली की त्याची मी सोलून, फोडी करून ताटलीत द्यायची. चेंडू त्याच्या उशाशी धूळ खात पडला तेव्हा मी तो धुऊन पुन्हा उशाशी ठेवला, आणि तेवढ्यानं आपण मोठं काम केलं असं मला वाटलं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी त्याला ओढून वामनकाकांकडं नेलं. तो म्हणाला की एका हातानं काय करू. मी म्हटलं, तू दांडी धर, बटनं मी दाबते.

लहान पोरं एका नाण्यात दोघं मिळून असं खेळत, पण ती खेळत म्हणजे भांडत. आम्ही ते शिकलो. दांडी डाव्या बाजूला असते आणि दादाचा डावा हात धड होता. मी त्याच्या उजवीकडं सहा बटनांवर उभी राहायची. आमच्या दोघांच्या मधे त्याचा खिशातला हात. त्या मुठीनं तो माझ्या कोपराला टोचायचा, एकदा म्हणजे ठोसा, दोनदा म्हणजे लाथ, जोरात म्हणजे भारी. पंधरा दिवसांनी टोचायची गरज कमी झाली. तो श्वास आत घ्यायचा तेव्हा दांडी फिरणार हे मला कळायचं आणि गोळा आपोआप निघायचा. आम्ही मास्तरीण घ्यायचो. आधी हरलो, मग कधीकधी जिंकलो, आणि संक्रांत आली तोवर पांढुर्ण्यात आम्हांला हरवणारं कोणी उरलं नाही. दादा पुन्हा हसायला लागला होता. वामनकाकांनी आम्हांला ‘दीड माणूस’ असं नाव दिलं होतं आणि ते दादाला आवडायचं. अर्धं माणूस मी, असं मी धरून चालले होते. तो स्वतःला अर्धं समजत असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आईच्या ते डोक्यात आलं होतं. त्या दिवसांत तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्यांच्या दाण्यांना आमच्याकडं सोले म्हणतात आणि सोल्यांचा भात, सोले-वांग्याची भाजी असं आठवडाआठवडा चालतं. आई संध्याकाळी शेंगांची दोन टोपली काढून एक माझ्यापुढं आणि एक दादापुढं ठेवायची. उजव्या हातानंच सोलायच्या, असं ती त्याला एकदाच बोलली होती. शेंग चिमटीत धरून दाबली की फट् होऊन उघडते, त्या दोन बोटांचंच काम. दादा एकदोन शेंगांशी झटायचा, कळ आली की ओठ आवळायचा, आणि आईची पाठ वळली की मी त्याचं टोपलं माझ्याकडं ओढायची. माझी बोटं भराभर चालत. दोन्ही टोपली संपली की मी त्याचं टोपलं त्याच्यापुढं सरकवून ठेवत असे. एका संध्याकाळी आईनं पाठ वळवलीच नव्हती, ती बघत उभी होती.

ती रागावली नाही. तिनं माझ्या हातातली शेंग घेतली आणि म्हणाली, “त्याचा हात तू खाऊन राहिली, शालू.”

मी म्हटलं, “त्याले दुखते न आई.”

“मले नाही दिसत काय? दुखते म्हणून तं देतो मी. तू दुखू नाही देत, अन् बोट हालत नाही. जूनमधी बाबा ते कागदं कोणाच्या हातात देतीन?”

दादा मान खाली घालून बसला होता आणि त्यानं माझी बाजू घेतली नाही. मला तेच जास्त लागलं. त्याच्यासाठी मी अभ्यास बाजूला ठेवून सगळं करत होते आणि चोर मीच ठरले. दोन दिवस मी आईशी बोलले नाही. आईनंही बोलायची घाई केली नाही.

मुक्का तीन आधी शेजारच्या सौंसरला आला, आमच्याकडं नाही. तिथल्या बस स्टँडजवळच्या एका दुकानात तो लागला आणि दुकानदारानं रविवारी मुकाबला ठेवला. जिंकेल त्याचा फोटो काढून मशीनच्या वर भिंतीवर लावणार होता. वामनकाका म्हणाले की पांढुर्ण्याची इज्जत दीड माणसाच्या हातात आहे. आईनं जाऊ दिलं याचं मला नवल वाटलं. तिनं दशम्या आणि ठेचा बांधून दिला, दादाकडं बघून म्हणाली की नीट खेळ, आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. आम्ही काकांबरोबर सकाळच्या बसनं निघालो. दोन्ही बाजूला संत्र्याचे मळे, मळ्यांच्या मधे कापूस वेचून झालेली पऱ्हाटी. दादा खिडकीशी बसला होता, हात खिशात.

दुकानात शिरल्याबरोबर आम्ही अर्धा तास नुसते बघत उभे राहिलो आणि माझं धाबं दणाणलं. हा खेळच वेगळा होता. खाली ताकदीची एक नवीन पट्टी आली होती. ती भरली की दांडी दोनदा गोल फिरवायची आणि दुसरी फेरी संपते त्या क्षणाला बटन दाबायचं, तेव्हा एकच महाप्रचंड मार निघायचा. क्षण चुकला तर पट्टी रिकामी आणि लढवय्या उघडा पडलेला. दुसरं असं, की मार येतो त्याच क्षणी दांडी पुढं दाबली तर तो मार परतवता यायचा आणि लगेच उलटा ठोसा मारता यायचा. जुन्या भागात दोन माणसांच्या मधे एक श्वास चालून जात होता. इथं श्वासालाही जागा नव्हती. ज्यानं कोणी हा भाग बनवला होता त्यानं तो एकाच माणसाच्या दोन हातांसाठी बनवला होता. सरावाच्या दोन डावांत आमचा मोठा मार चारदा चुकला. दादा हळूच म्हणाला, “मी एकटा करून पाहू काय?” मी म्हटलं, “हरशील.”  आजही ते माझं एका शब्दाचं उत्तर आठवलं की मला माझाच राग येतो.

तरी आम्ही शेवटापर्यंत पोचलो. मोठा मार सोडून दिला आणि जुन्या पद्धतीनं, अडवत, गोळे मारत, एकेकाला टाइमवर हरवत गेलो. शेवटी समोर आला तो रामाकोना गावचा गजू. विशीतला, उंच, घरची संत्र्याची बाग, नखांत अजून माती. दोन माणसं एका बाजूनं कशी, असं कोणीतरी म्हणालं, तर गजूच म्हणाला, “खेळू द्या न, मले काय फरक पडते.” चांगला मुलगा होता. त्यानं काळ्या निवडला. मास्तरीण आणि काळ्या समोरासमोर उभे राहिले तेव्हा वामनकाकांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. सौंसरला ती गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती, तिथं काळ्या हा नुसता काळ्या होता.

पहिला डाव गजूनं घेतला. दुसरा आम्ही घेतला, टाइमवर. तिसऱ्यात दादा जे खेळला ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तो एकेक मार दांडीनं परतवत होता, डाव्या हातानं, आणि कोपराला मूठ लागली की मी दाबत होते.  काळ्याची पट्टी केसाएवढी उरली, आमची जवळजवळ अर्धी होती. वर टाइमचे पंधरा उरले होते. खाली आमची ताकदीची पट्टी भरून लुकलुकत होती. आता काही करायचं नव्हतं. मागं सरकायचं, अडवायचं, पंधरा मोजायचे आणि भिंतीवर फोटो. माझी बोटं सवयीनं सैल पडली.

“शालू, हात काढ,” दादा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, “जिंकलो आपण दादा, टाइम जाऊ दे.”

“हात काढ म्हणतो न.”

पडद्यावरून नजर न काढता तो हे बोलत होता, डावा हात मागं दाबून मार अडवत होता, आणि माझ्या कोपराला रोजची मूठ लागत नव्हती. मी खाली बघितलं. हात खिशातून बाहेर आलेला होता. इतक्या महिन्यांनी तो उजेडात, चाळीस माणसांच्या समोर, पांढुरका आणि बारीक झालेला. मला आईचं वाक्य आठवलं. मला हेही दिसत होतं की मी हात काढला नाही तर आम्ही जिंकू, आणि मला जिंकायचं होतं, फार जिंकायचं होतं, हे मी आज लपवत नाही. त्या सहा बटनांवरून हात उचलायला मला जेवढा जोर लागला तेवढा पुढं कशालाच लागला नाही. मी बाजूला झाले.

त्यानं हात बटनांवर ठेवला. दांडी दोनदा गोल फिरली, स्वच्छ, आणि भारी ठोशाच्या बटनावर ते अडकलेलं बोट खाली निघालं. मला ते खाली जाताना दिसलं. दाराची गंजलेली कडी सरकावी तसं, थांबत थांबत. ते पोचलं तोवर क्षण गेलेला होता. मास्तरणीची पट्टी रिकामी झाली, ती उघडी पडली, आणि गजूनं साखळी बांधली. पाच मार, सहा मार, सात. जाड आवाजाचा तो माणूस ओरडला. गर्दी गजूला उचलायला धावली आणि मला धक्का बसून मी भिंतीला लागले. माझ्या डोळ्यांत रागाचं पाणी होतं. हातात आलेलं त्यानं फेकून दिलं होतं.

दादा पडद्याकडं बघतच नव्हता. खेळ संपलेला, बटनं मेलेली, आणि तो त्यातलं एक बटन पुन्हा दाबत होता. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ आवळलेले होते, म्हणजे दुखत होतं.

“हे पाह्य,” तो मला म्हणाला. “खाली जाऊन राहिलं न?”

गजू गर्दीतून सुटून आला. त्यानं दादाचा हात पाहिला. म्हणाला, “थांबला असता तं जिंकला असता, भाऊ. काहून मारलं?”

“मारून पाहाचं होतं,” दादा म्हणाला.

वामनकाका त्या दिवशी नियमाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. परतीच्या बसमधे मी दादाशी बोलले नाही. तो उभा होता आणि वरचा दांडा त्यानं उजव्या हातानं धरला होता, म्हणजे तीन बोटांनी, आणि उरलेली दोन दांड्याला नुसती टेकवलेली. तो हात पूर्ण बरा कधीच झाला नाही. मधलं बोट आजही थंडीत हट्ट करतं. पण कागदं जूनमधे त्याच्याच हातात गेली, आणि त्या हातानं त्यानं पुढं अर्ध्या सौंसरचे टीव्ही दुरुस्त केले. मी शिवणाचा वर्ग चालवते. एखाद्या मुलीची सुई ओवता ओवता दहादा चुकते, माझ्या बोटांना मुंग्या येतात, आणि मी हात पाठीमागं बांधून उभी राहते. मुलींना वाटतं बाई कडक आहेत.

सौंसरहून घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आईनं कोण जिंकलं ते विचारलं नाही. तिनं दादाच्या हाताकडं बघितलं, तो बाहेर होता, आणि आत जाऊन शेंगांचं टोपलं आणलं. या वेळी एकच आणलं आणि ते दादापुढं ठेवलं. दादा बसला. पहिली शेंग त्याच्या चिमटीतून निसटून स्टोव्हपर्यंत गेली. त्यानं दुसरी घेतली. तीही निसटली. त्यानं तीच पुन्हा उचलली, दोन बोटांत धरली, आणि दाबत राहिला, इतका वेळ की माझ्याच हातांना कळ आली. बाबा चावी कोपऱ्यात ठेवून आत आले आणि त्यांनी विचारलं की आज भात कधी. आई म्हणाली, “थांबा. सुधाकर सोलून राहिला.” बाबा दारातच खाली बसले. शेंग फुटली तेव्हा आत चारच दाणे होते. दादानं ते ताटलीत टाकले आणि तिसरीला हात घातला. टोपलं काठोकाठ भरलेलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले, माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, आणि बसून राहिले.